साहेबाचं अगोबाई

मी भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारी आता शूरपणाच्या गोष्टी रचतेय. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, सासूला तर भ्यायचेच; आणि लग्न होऊन खाडीकाठच्या त्या गावात आले, तेव्हापासून मिठालाही भ्यायला लागले. मिठाला भिणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ऐका तर मग.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, वाफ्यात कोंडायचं, उन्हात आटवायचं आणि खाली बसलेलं मीठ फळीने ओढून ढीग घालायचा, हाच गावाचा धंदा. माझे सासरे जन्मभर मिठागरात राबले. माझं लग्न झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते गेले. हंगामातला शेवटचा ढीग घातला, घरी आले, पाणी मागितलं आणि ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचे हे. बापाने पोटाला चिमटा काढून त्यांना अलिबागच्या इंग्रजी शाळेत घातलं. आणि शिकून पोरगा लागला कुठे, तर सरकारच्या मीठ नाक्यावर, कारकून म्हणून. कर भरल्याशिवाय मिठाचा एक खडा गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम.

पण गावात एक रीत होती. हंगामाचं मीठ निघालं की मूठभर गावदेवीपुढे ठेवायचं आणि मूठभर घरी आणायचं. घरातलं हे मीठ खायचं नाही, विकायचं नाही. ते दृष्ट काढायला. दुकानातल्या मिठाने दृष्ट निघत नाही, असं आमच्या सासूबाई ठासून सांगायच्या. "इकतच्या मिठाला काय म्हाईत, कुनाचं पोर हाय ते?" नाक्यावरचे शिपाई गावचेच, त्यांच्याही घरी असं एकेक गाडगं होतंच. मूठभर मिठाकडे कोण बघतो?

सासूबाईंच्या गाडग्यात सासऱ्यांच्या त्या शेवटच्या ढिगातलं मीठ होतं. त्यात नवं मीठ त्या घालायच्या नाहीत. अमावस्येला हे कामावरून आले की त्यांना उंबऱ्यात उभं करायचं, चिमूटभर मीठ आणि चार मोहऱ्या ओवाळायच्या, आणि चुलीत टाकायच्या. चिमूट इतकी बारीक की मला शेजारी उभी राहून दिसायची नाही. मीठ संपवायचं नव्हतं त्यांना. चुलीत तडतड झाली की म्हणायच्या, "बग, बापाने उतरवली." आणि हे बिचारे शिकलेसवरलेले, मान खाली घालून उभे राहायचे.

मग तीस सालचा उन्हाळा आला. देशभर मिठाचं वारं सुटलं. लोक उघड उघड समुद्राचं मीठ उचलून तुरुंगात जायला लागले आणि आमच्या खात्याचं डोकं फिरलं. हुकूम आला, की खात्यातल्या माणसाच्या घरात बिनकराचं मीठ सापडलं तर नोकरीही जाईल आणि खटलाही होईल. पलीकडच्या नाक्यावरच्या एका कारकुनाला मूठभर मिठापायी बेड्या घालून नेलं, त्याची बायको दोन पोरं घेऊन माहेरी गेली. हे आम्हाला ह्यांनीच जेवता जेवता सांगितलं. सांगून झाल्यावर हातातला घास तसाच धरून आईला म्हणाले, "आई, ते गाडगं आजच्या आज खाडीत टाक."

"टाकते," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे नाक्यावर गेले तशी सासूबाईंनी गाडगं आणून माझ्या हातात दिलं. "ठेव कुठं तरी. मी ठेवलं तर त्याला पटकन गावंल. माझ्या सगळ्या जागा म्हाईत हायत त्याला."

"अहो आत्याबाई, टाकायला सांगितलंय ना!" सासूला आमच्यात आत्याबाई म्हणत.

"टाकते म्हनले. कधी टाकते ते न्हाय म्हनले."

चुलीशेजारी भांडी घासायच्या राखेचं मडकं होतं. त्याच्या तळाशी गाडगं ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं, वरून राख लोटली. झालं! तेव्हापासून माझा जीव टांगणीला. नवऱ्याला सांगावं तर सासूचा घात, न सांगावं तर नवऱ्याला बेड्या. दारात कुत्रं भुंकलं तरी राखेच्या मडक्याकडे धावायचे. खायचं मीठ आमच्याकडे दुकानातलंच, कर भरलेलं, चांगलं उघड्यावर बरणीत ठेवलेलं. पण त्या बरणीत हात घालायचा म्हटलं की मला बेड्या दिसायच्या. आमटीत मीठ घालायचंच राहून जायला लागलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत ह्यांच्या डोक्यात इंग्रजी शिरलं. त्यांना स्वतःला येतच होतं. आता बायकोला आलं पाहिजे! नव्या साहेबाला सुधारलेली माणसं आवडतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात फुंकलं होतं. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर, म्हणून मला मराठी लिहिता-वाचता यायचं. तेवढ्या जिवावर ह्यांची उडी. पद्धतही त्यांची स्वतःची. आठवड्याला एक शब्द द्यायचा आणि घरातल्या रोजच्या बोलण्यात मी तो घालायचा. 'ऑल्वेज' झाला, 'स्लोली' झाला. 'हाउस' झाला तेव्हा जरा बरं वाटलं, छोटा होता. आणि मग आला 'सरप्राइझिंगली'.

"एवढा लांबलचक?" मी म्हटलं. "म्हणजे काय हो?"

"आपल्याला वाटतं एक आणि होतं भलतंच, तेव्हा वापरायचा."

"मग अगोबाई म्हणा की सरळ."

"अगोबाई बायका म्हणतात. हे साहेबाचं अगोबाई आहे."

जीभ वळता वळेना. पहिले दोन दिवस मी तो शब्द विहिरीवर, गोठ्यात, जात्यावर घोकला. मग वाक्यं सुरू झाली. सरप्राइझिंगली, आज दूध नासलं नाही. सरप्राइझिंगली, मांजराने बांगडा शिल्लक ठेवला. ह्यांना कोण आनंद! त्या आनंदात मलाही चेव आला आणि मी जेवायला वाढता वाढता म्हणाले, "सरप्राइझिंगली, आज आत्याबाई रागावल्या नाहीत."

सासूबाईंनी आपलं नाव ऐकलं आणि मुलाला अर्थ विचारला. ह्यांनी हसत हसत सांगितला. सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"म्हंजे रोज रागावते व्हय मी?"

"तसं नाही हो, आत्याबाई..."

"तसंच हाय. नवल वाटलं म्हंजे मनात दुसरं धरलं व्हतं."

हे खो खो हसले. मला हसू येईना. आमचं अगोबाई बरं, बाई. कशालाही म्हणा, कुणी विचारत नाही. हा मेला शब्द मनात काय धरलं होतं ते चारचौघांत सांगत सुटतो. आणि माझ्या मनात तर तेव्हा एकच गोष्ट होती, राखेच्या मडक्यातली. मी त्या शब्दालाही भ्यायला लागले.

दोन दिवसांनी आमटी पुन्हा अळणी झाली. दुसरा नवरा असता तर ताट भिरकावलं असतं. हे म्हणाले, "वा! आता हेच इंग्रजीत म्हण. सरप्राइझिंगली, देअर इज नो सॉल्ट इन द करी." आमटीत मीठ नाही, म्हणे, आणि त्याचं नवल आहे. ते वाक्य त्यांनी माझ्याकडून इतकं घोटून घेतलं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं.

आणि त्याच आठवड्यात साहेब आला.

गोरा, उंच, उन्हाने टोमॅटोसारखा लाल. लाँचमधून आला, नाका तपासला, ढीग तपासले. बरोबर दोन शिपाई, पण ते बाहेरगावचे. खात्याने मुद्दाम बाहेरचे आणले होते, गावच्यांवर भरवसा नव्हता. काम संपवून साहेब निघायच्या बेतात, तर तोवर ओहोटी लागलेली. लाँच चिखलात रुतून बसली. भरती येईपर्यंत साहेबाला जायची सोयच नाही. झालं, आमच्या ह्यांना सुचलं, की साहेबाला घरी नेऊन शहाळं पाजावं. नाक्याचा एक माणूस धापा टाकत पुढे आला. "वहिनी, साहेब येतोय!"

मी आत धावले. "आत्याबाई, गाडगं!" मी कुजबुजले. "मागच्या दाराने जाते, खाडीत टाकून येते."

"चिखलात मानसं उभी हायत लाँच ढकलायला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाशील व्हय? गप बस. शहाळं प्यायला येतोय तो, राख खायला न्हाय." असं म्हणाल्या खऱ्या, पण चुलीपाशी जाऊन बसल्या त्या राखेच्या मडक्याला पाठ लावूनच.

साहेब ओसरीवर बसला. शहाळं प्यायला. भला माणूस वाटत होता, निदान तोवर. तेवढ्यात ह्यांनी मला हाक मारली. मी पदर घट्ट ओढून दारात उभी राहिले. हे साहेबाशी काहीतरी बोलले आणि माझ्याकडे अभिमानाने बघायला लागले. मला कळलं, माझ्या इंग्रजीची बढाई मारून झालीय.

साहेबाने हसून मला काहीतरी विचारलं. देवाशपथ सांगते, एक अक्षर कळलं नाही. कानात नुसती घूं घूं. हे डोळ्यांनी खुणावतायत, बोल, बोल. मला जे एक वाक्य येत होतं ते मी उघड्या अंगावर गार पाणी ओतावं तसं एका दमात ओतलं. पण करी हा शब्द आयत्या वेळी गेला कुठे कोण जाणे. त्याच्या जागी मला आधीच्या आठवड्यातला, छोटा, लाडका शब्द आठवला.

"सरप्राइझिंगली, देअर इज नो सॉल्ट इन द हाउस."

नवल म्हणजे, घरात मीठ नाही!

ह्यांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. साहेब आधी हसला. मग हसू तसंच ठेवून, डोळे बारीक करून त्याने विचारलं, "व्हाय सरप्राइझिंगली?" तो एक शब्द मला कळला. बाकीचं ह्यांनी मागाहून सांगितलं. साहेब म्हणाला होता, मिठाच्या कारकुनाच्या घरात मीठ नाही याचं बाईंना नवल वाटतंय. म्हणजे एरवी असतं तरी किती? हे आमटीचं सांगायला गेले, पण अडखळले, आणि अडखळलेला माणूस चोरच दिसतो. साहेबाने शिपायांना बोट केलं. चला, बघू या.

बुटांसकट शिरले हो स्वयंपाकघरात. साहेब दारात वाकून उभा. एका शिपायाने बरणी उघडून मीठ चाखलं. "दुकानचं आहे," हे म्हणाले. त्यांना वाटत होतं, घर धुतल्या तांदळासारखं स्वच्छ आहे. आईने गाडगं कधीच खाडीत टाकलं असं धरून चालले होते ते. म्हणून त्यांचा आवाज जरा सावरलाही होता, आणि त्या सावरलेल्या आवाजाने मला जास्त रडू आलं. दुसऱ्या शिपायाने उतरंडीवरची मडकी एकेक उतरवली. तांदळात काठी घातली, कुळथात घातली, सुक्या बोंबलांच्या टोपलीत घातली. मी गावदेवीला काय काय बोलले असेन! माझे दागिने घे, माझं बोलणं घे, मुकी कर मला, पण ह्यांना बेड्या नकोत.

काठी राखेच्या मडक्यापाशी आली.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "निखारं असतील त्यात. हात भाजंल तुझा."

आणि त्यांनी स्वतः राखेत कोपरापर्यंत हात घातला आणि गाडगं बाहेर काढलं. सगळ्यांसमोर. फुंकर मारून राख उडवली, फडकं सोडलं. ह्यांनी ते गाडगं ओळखलं. त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. मला वाटलं, संपलं, म्हातारीला वेड लागलं.

सासूबाईंनी मूठ भरून मीठ घेतलं, वर मोहऱ्या घेतल्या आणि सरळ साहेबासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब एक पाऊल मागे सरला. त्यांनी त्याच्या टोपीपासून बुटांपर्यंत मूठ ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडालाची, काल्या नजरंची, गोऱ्या नजरंची..."

साहेबाने ह्यांच्याकडे पाहिलं. हा काय प्रकार? ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटी तोच शब्द मदतीला आला, बहुतेक तोच जिभेवर होता म्हणून. "सरप्राइझिंगली, सर," ते म्हणाले, "शी लाइक्स यू." नवल आहे साहेब, पण आईला तुम्ही आवडलात. मोठ्या माणसाला नजर लागू नये म्हणून आमच्याकडे असं करतात.

साहेब जो हसला म्हणता! आपणहून टोपी काढून डोकं पुढे केलं; मुठीत काय आहे, हे विचारायचं भानच राहिलं नाही त्याला. सासूबाईंनी मूठ चुलीत टाकली. तडतड तडतड आवाज झाला. "बगा, केवढी लागली व्हती साहेबाला!" त्यांनी दुसरी मूठ भरली. एका शिपायाची काढली, दुसऱ्याची काढली. मग ह्यांची काढली, माझी काढली. चिमूट चिमूट करून जपलेलं ते मीठ, आणि त्या मुठी मुठीने चुलीत घालत होत्या. शेवटी गाडगं चुलीवर उपडं करून बुडावर थापटी मारली. मीठ राखेत मिसळून गेलं, विस्तव दडपला, धूर कोंडला, साहेब खोकत खोकत ओसरीवर पळाला.

एक शिपाई मात्र रेंगाळला. एक खडा चुलीतून उडून जमिनीवर पडला होता, आणि त्याची नजर तिकडे गेली. पांढरा, जाडसर, मिठागरातला खडा. तो वाकला. मी त्याच्याआधी पुढे झाले आणि खड्यावर पाय ठेवला. मिठावर पाय देऊ नये, सांडलेलं मीठ मेल्यावर पापणीने वेचावं लागतं, असं मला लहानपणापासून सांगितलेलं. वेचीन म्हटलं, मेल्यावरचं मेल्यावर. शिपायाने माझ्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. परक्या बाईच्या पायाला हात कसा लावणार? बाहेरून साहेबाने हाक मारली, तसा तो गेला.

भरती आली, लाँच सुटली. हे साहेबाला पोचवून परत आले ते उंबऱ्यातच थांबले. आत यायला पाय उचलेना त्यांचा.

"मी टाकायला सांगितलं होतं, आई."

"टाकलं न्हाय का आता?" सासूबाई म्हणाल्या. त्या रिकामं गाडगं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी त्यात बोट फिरवून पाहिलं. बोटाला राखच लागली.

मी अजून तिथेच उभी होते, पाय न उचलता. मग खाली बसले, तळव्याला रुतलेला खडा काढला, पदराला पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "आत्याबाई, एवढा राहिला."

त्या खड्याकडे त्यांनी किती वेळ पाहिलं! तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. तोंड वाकडं न करता, नुसतंच पाणी. मला वाटलं, आता ह्याला कापसात गुंडाळतील, देव्हाऱ्यात ठेवतील. त्या उठल्या आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या मुलासमोर गेल्या. तो एक खडा त्याच्यावरून उतरवायला लागल्या.

"अहो, नको!" मी ओरडलेच. "एवढा एक तरी ठेवा ना! मामंजींच्या हातचा शेवटचा!"

"मीठ ठेवून काय करू, पोरी? मला ह्याला ठेवायचाय."

त्यांनी खडा चुलीत टाकला. विस्तव तर मघाशीच दडपलेला. काहीच वाजेना. सासूबाई खाली बसल्या आणि फुंकायला लागल्या. मीही बसले. मग हेही आले, धोतर राखेत लोळलं तरी त्यांना भान नव्हतं. तिघं मिळून फुंकत होतो, डोळ्यांत धूर, आणि मला भलतीच भीती, की वाजलाच नाही तर? निखारा लाल झाला. बारीकसा आवाज आला, तड.

हे तिथेच, राखेत, ओक्साबोक्शी रडले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बापाने उतरवली," त्या म्हणाल्या. "ही शेवटची हां. आता तुझं तू बग, पोरा."